कच्चं दूध

भारत भाऊजी,

तुमची खुशाली विचारत न्हाई, कारण मला ती ऐकायची न्हाई.

तुमचे दादा काल दवाखान्यातून घरी आले. चार महिने ताप हटत नव्हता. शेवटी मोठ्या डॉक्टरनं विचारलं, "घरच्या जनावराचं कच्चं दूध पिता का?" त्या दुधातले जंतू रक्तातून काळजात गेल्ते अन् तिथली झडप खाऊन बसल्ते. मंग छाती उघडून सडकी झडप काढली, धातूची बसवली.

दूध तुम्हीच रोज धाडत होते. "उकळलं की ताकद जाते, वहिनी," म्हणायचे. गाय दोनदा गाभडल्ती, वासरू पोटातच गेल्तं; दूध कच्चं पिऊ नका म्हणून जनावराच्या डॉक्टरनं तुम्हाला बजावल्तं. तुमच्या बायकोनं, साधनानंच हे रडत सांगितलं. तुमच्या घरात मात्र तेच दूध उकळून पीत होते.

हे पत्र मी टाकणार न्हाई. तुम्ही फाडून मोकळे व्हाल. निस्ता जेवणाचा निरोप धाडते.

ती झडप घड्याळासारखी वाजते, भाऊजी. शांत असलं की शेजारच्याला बराबर ऐकू येते. चतुर्थीला राजूरच्या गणपतीचं दर्शन करून जेवायला या. तुमचं ताट दादांच्या शेजारीच मांडते.

टीव्ही बंद ठेवीन.

वाट पाहणारी,
दैवशाला वहिनी