पायपुसण्यावरची चढाई

३ मार्च, सकाळी ६.००
आज बूट घ्यायचे. मुलगी गिर्यारोहण शिकवते. मे महिन्यात बारा जणांना घेऊन पाच हजार मीटरवर चालली आहे. तुकडीत घरच्या एका माणसाची जागा असते, ती तिने माझ्यासाठी राखली आहे. ती दहा वर्षांची असल्यापासून मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतो आहे. या वर्षी नक्की. देवापुढे हात जोडून तसं सांगितलं. आता माघार नाही.

सायंकाळी
घेतले. आठ नंबर. दुकानदार म्हणाला, उंचावर पाय सुजतात, आत दोन जोड जाड मोजे असतात, एक नंबर मोठा घ्यावा लागतो. तुमचा पाय मोजू द्या. नको म्हटलं. गावच्या शाळेत ड्रिलमास्तरांनी खडूने फरशीवर आखून मोजला होता. आठ. तेव्हापासून तक्रार नाही. चपलेतून बोटं थोडी पुढे येतात, पण ती चपलेची घडण. शिवाय गरजेपेक्षा मोठं मागणं हा लोभ.
पंधरा दिवसांत बदलून देईन म्हणाला. तळव्याला रस्त्याची धूळ लागता कामा नये, घरातच घालून बघा.

४ मार्च
घरात घातले. बायको म्हणाली, घरात बूट चालणार नाहीत. तळवे कोरे आहेत हे समजावलं. कोरा काय न् मळका काय, बूट तो बूट, म्हणाली.
बाहेर दुकानदाराची अट, आत हिची. मधे दाराबाहेरचं पायपुसणं. सराव तिथेच.

५ मार्च, सकाळी ६.१५
जागच्या जागी चारशे पावलं. समोरचे निवृत्त दंतवैद्य दूध घ्यायला बाहेर पडले. किल्ली हरवली का, विचारलं. चढतोय, म्हटलं. त्यांनी बराच वेळ माझ्यासाठी लिफ्ट थांबवून धरली.
बायको भाजी घेऊन पाच मजले पायी आली. लिफ्टवर तिचा विश्वास नाही. मला वळसा घालून आत गेली.

८ मार्च
मुलीने बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं, डॉक्टर पोट दाबतात तसं. उतरताना नखं जातील, म्हणाली. उंचावर नेलेल्या बिस्किटाच्या पुड्याचा फोटो दाखवला. टम्म फुगलेला. माणूस म्हणजे बिस्किटाचा पुडा नव्हे. हवा विरळ होते, तर पायही आटोपशीर व्हायला हवा. हे ऐकून तिने फोन खिशात ठेवला. पटलं असावं.
बायकोने विचारलं, मग बोटं का हलत नाहीत? शिस्त, म्हटलं.

१४ मार्च
उजव्या अंगठ्याचं नख काळं. ऑफिसात पाण्याच्या मीटरच्या नोंदी तपासताना पाय टेबलाखाली चपलेबाहेर ठेवले. साहेबांनी बोलावलं तेव्हा एकच चप्पल सापडली.
बदलायला चार दिवस उरलेत. बदलणार नाही. आता बदलले तर हिला ‘बघा’ म्हणायला मिळेल.

१८ मार्च, सायंकाळी ६.४५
शेवटचा दिवस. बदलायला नव्हे, नुसती चौकशी म्हणून दुकानात जावं असं वाटलं. त्याआधी खात्रीसाठी दोन्ही मोजे चढवून उजवा बूट घातला. गेला. बाहेर येईना.

७.२०
पायपुसण्यावर. आत जावं तर ही. रस्त्यावर उतरावं तर धूळ. दुकान आठला बंद. बूट पायात असताना हात जोडायला संकोच वाटला, पण माझी अवस्था देवाला दिसतच असेल.

८.३०
निघाला. बायकोने मला काखेतून धरलं, मुलीने गुडघा. बूट दंतवैद्यांनी ओढला. उपटणं हाच आमचा धंदा, जरा दुखेल, म्हणाले. बूट आला. नख मोज्यात राहिलं.

२० मार्च
डॉक्टर म्हणतात, नवं नख पूर्ण यायला वर्षभर तरी. तोवर डोंगर नाही. मुलगी माझ्या बँडेजकडे बघत बसली होती.
“बाबा, नऊ नंबर घेतला असता तर मी हसले नसते.”
पुढच्या वर्षी नक्की, म्हटलं. तिने उठून पायाखाली उशी दिली.

२३ मार्च
चपलांचं कपाट आवरताना बायकोने पायपुसण्यावर उभं राहून सहज बूट घालून पाहिले. दोन्ही मोज्यांसकट. ती सात नंबर वापरते. बोटं हलताहेत, असं तिने मुलीला ओरडून सांगितलं. मग त्या दोघी जिना उतरून पुन्हा चढून आल्या. हिला धाप लागलेली नव्हती.
तुकडीतली माझी जागा आता हिला, असं मुलीने ठरवलं. मोठ्या मनाने परवानगी दिली. विचारली नव्हती.

११ मे
फोटो आला. बर्फात दोघी, आणि माझे बूट. बायको लिहिते, पाय सुजलेत, आता बरोब्बर बसतात.
म्हणजे आठ नंबर योग्यच होता. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.

सायंकाळी
देवाजवळ दिवा लावला. दोघी नीट उतरू देत. पायपुसणं झटकलं.
आज घरात बूट घालून हिंडलं तरी कोणी अडवणार नाही. बूट तिकडे आहेत.