पहिली रांग

३ मार्च, सोमवार

तिसऱ्या मजल्यावरच्या वाचा-उपचाराच्या मॅडमचा फोन. सरळ माझ्या टेबलावर!

"तुमचे बाबा 'खिडकी' म्हणतात तेव्हा मला 'खि...की' ऐकू येतं. मधला तुकडा त्यांच्या तोंडात राहिला की तुमच्या लाइनमध्ये, काही सांगता येत नाही."

पक्षाघाताला तीन महिने झाले. दादा बाबांना त्यांच्या गावातल्या आमच्याच रुग्णालयाच्या शाखेत नेतो आणि तिथून व्हिडिओवर मॅडमचा धडा चालतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा. सहा आठवडे झाले. या शुक्रवारी परीक्षा आहे, पन्नास शब्दांची. सुधारणा दिसली नाही तर ही वेळ दुसऱ्या रुग्णाला. नियमच आहे तसा, आणि मला तो पटतोही.

इथलं आणि शाखेतलं, दोन्हीकडचं नेटवर्क मी सांभाळते. दिवसभर मनात एकच — लाइनच खराब असू दे! बाबा नकोत.

४ मार्च, मंगळवार

आलेख काढून बघितले. बोलणं लाइनमधून छोट्या छोट्या तुकड्यांत, पॅकेटांत जातं; अकराच्या सुमाराला त्यातली शंभरातली नऊ गहाळ! फाइलचं एखादं पॅकेट हरवलं तर पुन्हा मागवता येतं. बोलण्याचं तसं नाही. उशिरा आलेला तुकडा फेकूनच द्यावा लागतो. म्हणून तर राउटरमध्ये सगळ्यांआधी पुढे जाणारी पहिली रांग आवाज आणि व्हिडिओ कॉलसाठी राखून ठेवलेली आहे. मग गळतंय कुठे?

पहिल्या रांगेत कोण कोण आहे त्याची यादी छापून तारकाकांना दाखवली. केबलचं सगळं काम तेच बघतात, म्हणून हे नाव. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "अगं, ही पहिली रांग आहे की अख्खं गाव?"

एक्स-रेचे फोटो. औषधभांडार. मोठ्या साहेबांच्या भाषणांची रेकॉर्डिंग्ज. रिसेप्शनमधला टीव्ही — टीव्ही! दिवसभर हात धुवायची फिल्म दाखवतो तो! सगळं मीच घातलंय, दोन वर्षांत एकेक करून. कुणी दारात उभं राहून "आमचं तेवढं बघा ना" म्हटलं की माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. आणि रांग मर्यादेबाहेर गेली की राउटर जास्तीचं टाकून देतो. टाकलं ते बाबांचं बोलणं की हात धुवायची फिल्म, त्याला काय कळणार!

म्हणजे नऊच्या नऊ माझ्या भिडस्तपणाने गेली.

५ मार्च, बुधवार

धडा पुन्हा वाईट झाला. दादा फोनवर म्हणाला, "चिडतात गं. पण चिडून बोलताही येत नाही ना. टेबलावर हात आपटत बसतात." मला जेवण गेलं नाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळपासून सगळ्यांची दारं ठोठावली. हे मी बाबांसाठी करतेय का? हो, करतेय. पण शाखेतल्या त्या व्हिडिओसमोरच्या खुर्चीवर आठवड्याला तीस माणसं बसतात, त्यांचंही गळतच असणार.

एक्स-रेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोटो पाच मिनिटं उशिरा आले तरी चालतील, फक्त अर्धवट नकोत. मला कुणी विचारलंच नव्हतं." मोठ्या साहेबांकडे सगळ्यात शेवटी गेले.

"टीव्ही पहिल्या रांगेत घातला कुणी?"

"मी."

"आणि माझी भाषणं?"

"तीही मीच."

हसायलाच लागले! "काढून टाका हो. मला स्वतःला ती दुसऱ्यांदा बघवत नाहीत." मी उगाच दोन वर्षं घाबरले.

आणि तारकाका — कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून सकाळच्या बसने शाखेत गेले. ही सगळी पहिल्या रांगेतून काढून झाल्यावर कॉल लावला तर ते बाबांच्या खुर्चीवर बसलेले. एकपासून शंभरपर्यंत मोजून दाखवलं. एकही आकडा गळला नाही. पंचाहत्तरला खोकले, तो खोकलासुद्धा अख्खा आला. मी इकडे तोंडावर हात धरून बसले होते. या माणसाचे उपकार कसे फेडू? अशी माणसं भोवती आहेत आणि मी मात्र सगळ्यांना भिऊन होते.

आता उद्या बाबांचे शब्द अख्खे येणार. नक्की येणार!

७ मार्च, शुक्रवार

गहाळ शून्य. परीक्षा झाल्यावर मॅडम स्वतः खाली आल्या. पन्नासपैकी एकवीस शब्द तुटले. लाइनचा त्यात एकही नाही. सगळे बाबांचे.

मला रडू फुटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसल्या. "रडताय काय? त्यांचं नेमकं काय अडतं ते मला आज पहिल्यांदा ऐकू आलं. मागचे सहा आठवडे मी कागदावरून खोडून टाकलेत. आज त्यांचा पहिला दिवस."