सहा तास वीस मिनिटं

ता. १४, मंगळवार

आई,
नमस्कार. हात उशीवर उंच ठेवतेस ना? गोळी जेवणानंतरची आहे, आधीची नाही. मी बरी आहे. ऑफिसात नवा पंखा आलाय, तो नेमका माझेच कागद उडवतो.

मोठ्या अक्षरांत लिहितेय. अडलं तर शेजारच्या सिस्टरकाकूंकडून वाचून घे. त्यांनाही कळू दे. फोनवर सांगायला गेले की तू "जेवलीस का?" विचारतेस आणि माझा धीर सुटतो.

इथे नोकरीला निघताना मी तुझ्या शिलाई मशीनपाशी भिंतीवर कागद चिकटवला होता. 'मला यायला लागणारा वेळ : सहा तास वीस मिनिटं.' तू तो गिऱ्हाइकांना दाखवायचीस. कोपऱ्यावरच्या आजींना म्हणालीस, "तुमची सून भाजी आणून निवडतेय, तोवर माझी लेक विमानानं घरी!" सगळ्या हसल्या. सुट्टीला आलेली मीही हसले, पण कागदाकडे बघायचं टाळलं.

त्या दिवशी सकाळी आठला तू स्टुलावरून पडलीस. फोनवर म्हणालीस, "मनगट जरा दुखतंय, येऊन जातेस?" मी म्हटलं, "निघतेच. तू काकूंना हाक मार." "हो हो," म्हणालीस, आणि मारली नाहीस. उजवा हात टॉवेलात बांधून घड्याळासमोर बसून राहिलीस. दोन वीसला मी यायला हवं होतं. आले साडेसातला.

डॉक्टर ओरडले, "मोडलेला हात घेऊन दिवसभर घरी बसलात?"

तू म्हणालीस, "लेक वाटेत होती. विमानाला उशीर झाला असेल."

आई, विमान वेळेवर होतं.

खोलीपासून विमानतळ, तिथे दोन तास आधी पोहोचणं, हवेतले दोन तास पाच मिनिटं आणि सामान, एवढंच मी कागदावर धरलं होतं. विमान दिवसातून दोनदाच सुटतं, त्याची वाट बघणं धरलं नाही. उतरल्यावरची तीन तास दहा मिनिटांची बसही नाही. सगळं मिळून साडेअकरा तास होतात. विसरले नव्हते गं. तू विचारलंही होतंस, "बसचं धरलंस ना?" मी म्हटलं, "धरलंय." साडेअकरा ऐकून तू मला सोडलं नसतंस, आणि मला इथे यायचं होतं. घरात शिकलेली मी पहिली. माझा आकडा तू दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेणार नाहीस, हे मला ठाऊक होतं.

परवा म्हणालीस, दोन बोटांना अजून सुई टोचलेली कळत नाही. वर मलाच समजावलंस, "येईल हळूहळू."

तो कागद फाड. सोबत नवा पाठवलाय, तिथेच लाव. 'मी : साडेअकरा तास. सिस्टरकाकू : चाळीस पावलं.' पावलं मी या वेळी परत निघायच्या दिवशी दोनदा मोजलीत. पुढच्या वेळी आधी त्यांना हाक, मग मला फोन. माझ्यासाठी थांबू नकोस.

मी परत यावं असं वाटत असेल, तर तसं लिही. डाव्या हातानं लिही, मला लागेल ते अक्षर.

तुझी,
साडेअकरा तासांवरची
चिंगी