तांदळाच्या डब्यातला फोन

रविवार, संध्याकाळ. राजापेठ.

क्लासच्या पोरांच्या शंका, पालकांचे मेसेज, वरून क्लास चालवणाऱ्या सरांचे फोन. ही काय सुट्टी? सकाळी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला.

दुपारी सासूबाई भात लावायला गेल्या, तर फोन हातात. "काहून वं, पाण्यात पडला काय?"

मी हो म्हटलं. आराम करते म्हणायची एवढी कसली लाज? त्यांनी फोन परत तांदळात पुरला. मी मस्त झोपले.

आता सरांनी सासूबाईंच्या फोनवर गाठलं. "तिचा फोन भिजला," सासूबाईंनी ठणकावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोरडाच हाये तो. पुढच्या रविवारी डाळीच्या डब्यात ठेवजो. तांदूळ रोज लागते मले."

ठेवणारच. आणि उद्या सरांना खरं कारण मीच सांगणार.