आयच्या कुमसाराला दुभाषी

बुधवार, २३ नोव्हेंबर १९५५

पहिलं चिंतन देऊन आलो. फादर ऑर्तेगांनी ते वाचलं नाही. कागद हातात तोलून पाहिले आणि "छान" म्हणाले. माणूस स्पेनचा, इंग्रजी बरं, मराठी नमस्कारापुरतं. देवळाच्या मराठी पत्रकात आगमनकाळाच्या चार रविवारी चार चिंतनं छापायची ही कल्पना त्यांचीच. विषय चारही वेळा तोच — वाट पाहणं. नाताळला बाळ येणार, तोवर थांबा. आयुष्य दैनिकात काढलेल्या माणसाला हा विषय! आम्ही वाट पाहतो ती टेलिप्रिंटरची, आणि तीही शिव्या देत.

ऑफिसात सोमवारच्या गोळीबारापलीकडे दुसरं काही नाही. फाउंटनला गोळीने गेलेल्यांची नावं तपासली, मथळे दिले आणि त्याच टेबलावर 'जागे राहा' हे चिंतन लिहिलं. खिळे लावणाऱ्या जुळाऱ्याने मथळा पाहिला. "हे पण मोर्चाचंच ना?" म्हटलं, नाही, हे नाताळचं. त्याचा विश्वास बसला नाही.

रविवार, २७ नोव्हेंबर

पहिला रविवार. वेदीवर जांभळं कापड, फुलं नाहीत, ऑर्गन बंद. बायकोला, फिलोमिनाला, हे आवडतं. म्हणते, चार आठवडे तरी देऊळ आपल्या स्वयंपाकघरासारखं दिसतं.

मिस्सा संपल्यावर फादर आमच्या करी रोडच्या खोलीवर आले, आयला कम्युनियन द्यायला. डॉक्टरांनी तिचा जिना बंद केला आहे. छातीचं दुखणं. कधी काय होईल सांगता येत नाही, असं ते मला बाहेर गॅलरीत म्हणाले होते. आयने पदर डोक्यावर घेतला, फादरांना हात जोडले आणि कम्युनियन नको म्हणाली. "आधी कुमसार. पापं सांगितल्याबिगर मना नको."

फादर स्टूल ओढून बसले. मला म्हणाले, "तिला सांगा, तिच्या भाषेत बोलू दे. देवाला मराठी येतं."

मी सांगितलं.

"देवाला येतं ते मना ठाऊक हाय," आय म्हणाली. "ह्याला कळलं पाह्यजे."

फादर कम्युनियन तसंच घेऊन परत गेले.

सोमवार, २८ नोव्हेंबर

आयला विचारलं, इतकी वर्षं अडलं नाही ते आताच का? फादर मिनेझिस होते तोवर ती दर महिन्याला त्यांच्याकडे कुमसार करायची. मराठी उत्तम. गेल्या ईस्टरनंतर वारले.

"मिनेझिस बहिरा होता," आय म्हणाली.

हे सगळ्या देवळाला ठाऊक होतं. त्यांच्या कुमसाराच्या पेटीपुढे म्हणून तर रांग लांब असायची.

"मी दर खेपेला सगळं सांगितलं. एक गोष्ट हळू सांगितली."

मग तोंड भिंतीकडे करून पडून राहिली.

बुधवार, ३० नोव्हेंबर

दुसरं चिंतन — 'जागा करा'. देण्याआधी रिवाजाप्रमाणे आयला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण गिरणीत रिळिंग खात्यात आयुष्य गेल्याने धागा कुठे सैल आहे ते लगेच कळतं. मी लिहिलं होतं की घर रिकामं केल्याशिवाय देवाला शिरता येत नाही. रिकामेपणालाच घाबरू नये, वगैरे.

"तू रिकामं घर पायलंस कवा?" आयने विचारलं. "पिलेगात हा आख्खा माळा रिकामा झालता. सगळी गावाला पळाली. फक्त आमी आन् शेजारच्या खोलीत एक बाई. रात्री खोकली तरी बरं वाटायचं, कोणतरी हाय म्हणून."

"मग त्या बाईचं काय झालं?"

"पिलेग," आय म्हणाली.

ते वाक्य काढून टाकलं. चिंतन होतं त्यापेक्षा आखूड झालं आणि सुधारलं.

शुक्रवार, २ डिसेंबर

मला वाटलं, सोपा उपाय आहे. वसईहून फादर घोन्साल्विसला बोलवावं. आमच्याच गावचा, तरुण, कान शाबूत.

आय उठून बसली. "जॉकीमचा नातू? त्याला मी न्हाऊ घातलाय. त्याच्याम्होरं पापं सांगू?"

"मग पापडी गावचे फादर?"

"ते तुझ्या मावशीकडं जेवतात."

वसईतला एकही पाद्री सुटला नाही. कोण भाचा, कोण व्याही, कोण जेवायला येणारा. आयला असा माणूस हवा जो आम्हाला ओळखत नाही. तसा एकच आहे, आणि त्याला मराठी येत नाही.

मंगळवार, ६ डिसेंबर

फादर ऑर्तेगांनी बोलावून घेतलं. पुढे धर्मशास्त्राचा लॅटिन ग्रंथ उघडा. म्हणाले, सापडलं. पापं सांगणाऱ्याची इच्छा असेल तर दुभाष्यामार्फत कुमसार करता येतं. दुभाष्यालाही पाद्र्याइतकंच बंधन. ऐकलं ते मेल्यावरही उघड करायचं नाही. मग माझ्याकडे पाहून हसले. "आणि दुभाषी तर घरातच आहे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — उत्सुकताही वाटली. धंद्याची सवय.

आयला येऊन सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू नको."

"का?"

"बस्त्याव, तू नको. फिलोमीन बी नको." फिलोमिना मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही, पण मासा जरा जोरात आपटला. "ती वरची बाई बोलव. सभेत बोलते ती."

वरची म्हणजे सुनेत्राबाई. दादरच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. नवरा रेल्वेत कारकून. हल्ली त्यांची संध्याकाळ संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये जाते.

"आय, त्या हिंदू आहेत."

"म्हणून तर."

गुरुवार, ८ डिसेंबर

निष्कलंक मातेचा सण. आयने खाटेवर बसूनच नारळाच्या करवंट्यांत नाचणी पेरली. नाताळच्या गोठ्यापुढे हिरवं शेत लागतं. ते तिचं काम, दुसऱ्याने पाणी घातलेलं चालत नाही.

फादरांना विचारलं, दुभाषी दुसऱ्या धर्माचा चालेल का? त्यांनी ग्रंथ पुन्हा उघडला. "बंदी लिहिलेली नाही," म्हणाले. "बहुधा कोणाला सुचलं नसावं."

संध्याकाळी वर गेलो. सुनेत्राबाई खडूने फलक लिहीत होत्या — 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. सगळं सांगितलं.

"म्हणजे आजी मराठीत बोलणार, मी इंग्रजीत सांगणार. आणि नंतर विसरून जायचं?"

"विसरायचं नाही. फक्त सांगायचं नाही."

"हे जास्त कठीण." खडू खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मलाच का पण?"

मी आयचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या. "ठीक आहे. पण या आठवड्यात रोज सभा आहेत. पुढच्या शनिवारी येते."

रविवार, ११ डिसेंबर

तिसरा रविवार, आनंदाचा. जांभळ्याऐवजी गुलाबी झगा. निम्मी वाट संपली म्हणून आज हसायला परवानगी. फादर ऑर्तेगा गुलाबी रंगात अवघडल्यासारखे उभे होते. फिलोमिना कानात म्हणाली, "बडोद्याच्या बँडवाल्यासारखे दिसतात." तिसरं चिंतन छापून आलं. 'आनंद करा' ह्यात मी काय लिहिलं आहे ते मलाच आठवेना.

दुपारी आयच्या छातीत कळ आली. ओठ काळेनिळे. डॉक्टरांनी सुई दिली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य — "ती वरची आली का?"

"शनिवारी येणार."

"मग शनिवारपतोर मरता येत नाय," आय म्हणाली आणि झोपली.

सुनेत्राबाईंना आत्ताच बोलवायला वर गेलो. कुलूप. सभा नायगावला होती म्हणे.

बुधवार, १४ डिसेंबर

चौथं चिंतन. शेवटचं, आणि मला सगळ्यांत आवडलेलं. बेथलेहेमच्या सराईवाल्यावर. सगळे त्याला नावं ठेवतात — गरोदर बाई दारात, आणि हा म्हणतो जागा नाही. मी त्याची बाजू घेतली. जागा नव्हती, तर त्याने खरं ते सांगितलं. दार लावणारा प्रत्येक माणूस दुष्ट नसतो. काही नुसते भरलेले असतात.

आयला वाचून दाखवलं.

"आन् जागा असून नाय म्हणला असता तर?"

"तसं कुठे लिहिलेलं नाही, आय."

"तू लिव ना मग."

मजकूर पाचपर्यंत छापखान्यात हवा होता. तसाच दिला.

शनिवार, १७ डिसेंबर

झालं.

फादर चारला आले, सुनेत्राबाई त्यांच्यामागून. आय नवी साडी नेसली होती. फादरांनी गळ्यात जांभळी पट्टी घातली. सुनेत्राबाईंनी चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, "मी कुठे बसू?" आयने खाटेवर आपल्या शेजारी हात मारला. "इथं."

आम्हाला बाहेर काढलं. मी आणि फिलोमिना गॅलरीत, दार लावलेलं. आतून आयचा आवाज, मग सुनेत्राबाईंचा, मग फादरांचा हुंकार. शब्द एकही नाही. मी कठड्यापाशी उभा राहून समोरची गिरणी पाहत होतो. कान दाराकडे गेला तेव्हा फिलोमिनाने माझा शर्ट धरून मागे ओढलं. "वार्ताहर," म्हणाली.

एकदा आत आवाज थांबले. सगळेच. मग सुनेत्राबाई इंग्रजीत बोलू लागल्या, फार हळू.

दार उघडलं. फादरांनी चहा घेतला, साखर दोनदा घातली. सुनेत्राबाईंनी घेतला नाही. चपला घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लगेच नजर वळवली.

"आज सभा आहे ना?" काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"आज नाही जात," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

रविवार, १८ डिसेंबर

आयने कम्युनियन घेतलं. ईस्टरनंतर पहिल्यांदा. फादर गेल्यावर तिला म्हटलं, "झालं ना मनासारखं?"

"निम्मं. फादरनं प्रायश्चित्त दिलंय."

"किती माळा?"

"माळा नाय. एक काम हाय. नाताळच्या आत."

"मी करू?"

आय हसली. दात नसलेलं हसू. "तुझ्याबिगर होणारच नाय. पण आत्ता नको. मना जरा धीर धरू दे."

देवळात माझं सराईवाल्यावरचं चिंतन लोकांना आवडलं. दोघांनी हात मिळवला.

बुधवार, २१ डिसेंबर

आज चिंतन द्यायचं नाही. पाचला हात आपोआप घड्याळाकडे गेला.

आय काही बोलत नाही. मी खोलीत आलो की बघते आणि डोळे मिटते. नाचणी बोटभर वर आली आहे. चार वेळा लिहून झालं, आता मी वाट पाहतो आहे. लिहिलं होतं त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

शुक्रवार, २३ डिसेंबर

जिन्यात सुनेत्राबाई भेटल्या. हातात वह्यांचा गठ्ठा. मी बाजूला झालो.

"आजी बोलल्या का तुमच्याशी?"

"नाही."

त्या एक पायरी चढल्या, थांबल्या. "त्यांच्यावर रागावू नका," म्हणाल्या. मग स्वतःवरच चिडल्यासारख्या, "हे मी बोलायला नको होतं," आणि गेल्या.

शनिवार, २४ डिसेंबर

फिलोमिनाने कोपऱ्यात गोठा मांडला. पेंढा परळच्या तबेल्यातला. योसेफ, मरिया, एक शिंग मोडलेला बैल, पुढे आयची नाचणी. मधली गव्हाण रिकामी. बाळ आयच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं असतं. दर वर्षी तीच काढते आणि तीच ठेवते, आम्ही कोणी हात लावलेला तिला चालत नाही.

दुपारी तिने हाक मारली. "बस्त्याव, बाळ काढ ट्रंकेतून. अवंदा तू ठेव."

मी काढलं, ठेवलं.

"दार लाव," आय म्हणाली. "आन् बस."

रविवार, २५ डिसेंबर

नाताळ.

काल आयने सांगितलं ते असं. शेजारची जी बाई प्लेगात गेली तिला एक मूल होतं, अंगावर पिणारं. आयचं स्वतःचं त्याच महिन्यात गेलं होतं. तिने ते उचललं, छातीशी लावलं. वर्षभराने मुलाचा बाप आला, जहाजावरचा खलाशी, मालवणकडचा, राजाराम नावाचा. ह्याच दारात उभा राहिला. बायको गेल्याचं त्याला खाली कळलं होतं. मुलाचं विचारलं. आय म्हणाली, तेही गेलं.

त्याने पाणी मागितलं. आयने दिलं. पिऊन झाल्यावर तिच्या कडेवर बघून म्हणाला, "हा तुमचा का?"

"माझा. बस्त्याव."

त्याने माझ्या गालाला हात लावला आणि जिना उतरून गेला.

माझं नाव कोंडीराम होतं.