रोखे माझे, अक्षर माझं

९ जानेवारी

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आमच्या खोलीत टेबल नव्हतं. ट्रंकेवर कागद ठेवून मी कर्जाचा अर्ज लिहीत होते, हे सांगत होते. मध्येच थांबून म्हणाले, "तुझं अक्षर बघून तरी देतील!" इतके हसलो की रकमेच्या रकान्यात शाईचा थेंब पडला. नवा फॉर्म आणायला पुन्हा दोघं चालत गेलो. कसली घाई नव्हती.

तेव्हापासून वाटणी ठरली — डोकं ह्यांचं, अक्षर माझं. चौतीस वर्षं चालली.

आज हे का आठवलं? माझ्या रोख्यांचं तिमाहीचं व्याज जमा झालं नाही म्हणून. उद्या बँकेत जाते.

१० जानेवारी

खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचे रोखे नोव्हेंबरातच विकले गेलेत. सगळे."

"कुणी विकले?"

त्याने फॉर्म माझ्याकडे फिरवला. माझं अक्षर. एक खाडाखोड नाही. खाली माझी सही.

"अक्षर फार सुंदर आहे हो," म्हणाला मेला!

११ जानेवारी

आठवलं. जेवणानंतरची वेळ. हे सांगत होते, मी लिहीत होते.

शाळेत सिस्टर डिक्टेशन घालायच्या. लेखणी थांबवायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, अर्थबिर्थ नंतर. थांबलं की बोटांवर पट्टी. ते वळण असं मुरलंय, की कुणी सांगायला लागलं की माझा हात चालतो आणि मन खिडकीबाहेर जातं. त्या दुपारी समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, तेवढं मात्र लख्ख आठवतंय! 'सर्व रोखे विकावेत' हे मी लिहिलं. ऐकलं नाही.

आणि एकतीस वर्षं मीच वर्गात ओरडत होते — मुलींनो, लिहिलेलं परत वाचा!

१२ जानेवारी

विचारलं. हे चिडले असते तर बरं झालं असतं.

"अगं, बाजार पडला होता. सगळे शेअर निम्म्या भावात! अशी संधी पुन्हा येते का? आणि तुझ्यापासून लपवलं का काही? तूच तर लिहिलंस!"

हो. मीच.

१६ जानेवारी

सल्लागार बाईंकडे गेले. बाई कसली, माझीच विद्यार्थिनी. दोन वेण्या घालून पहिल्या बाकावर बसायची. मी निवृत्त झाले तेव्हा तिनेच सगळं मांडून दिलं होतं. निम्मे पैसे शेअरमध्ये, ते वाढायला. निम्मे रोख्यांत, ते खायला. 'मंदी आली तरी रोख्यांवर पाच वर्षं निघतील, टीचर. तोवर शेअरकडे ढुंकूनही बघायचं नाही.' मूलबाळ नाही आम्हाला. म्हातारपणाची काठी म्हणतात ती हीच होती.

आज तिने कागद पाहिले आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"टीचर, सरांनी खायचे पैसे वाढायला घातले."

"आणि ते वाढतायत का?"

"आणखी तिसरा हिस्सा गेला." मग हळूच — "आता विकलेत तर तोटा कायमचा. दोन-तीन वर्षं हात लावला नाहीत तर बहुतेक सावरेल. खात्री मी देणार नाही. थांबता येईल का?"

थांबता येईल गं. पोटाला कोण सांगणार?

२ फेब्रुवारी

बाजार आणखी खाली. ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच!

११ फेब्रुवारी

वन्संचा फोन. "माझ्या भावाचा स्वभाव भोळा. तू तर मास्तरीण ना? तुला कळायला नको?"

म्हटलं, "वन्सं, मी भूगोल शिकवायचे. खड्डा कुठे आहे ते सांगता येतं. पैसे परत वर कसे आणायचे, ते अभ्यासक्रमात नव्हतं."

फोन आपटला त्यांनी. आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

५ मार्च

ह्यांनी शेजारी येऊन बसत म्हटलं, "थोडे शेअर विकू या का? या महिन्यापुरते?" कोरा फॉर्म पुढे सरकवला. पेनही आणलं होतं, टोपण काढून!

मी पेनाला टोपण लावलं. बोलले असते तर चौतीस वर्षांचं सगळं एकदम निघालं असतं.

ह्या महिन्यापुरते, मग पुढच्या. असे विकत गेलो तर चार वर्षांत कागदही उरायचा नाही. मी एकसष्टची. आई नव्वदीपर्यंत जगली.

१९ मार्च

माझ्या शालीवर ह्यांनी उठून पांघरूण घातलं. मला झोप लागलीय असं वाटलं असावं. मग स्वतःशीच पुटपुटले, "तुझ्यासाठीच केलं गं."

ते खरं आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

२ एप्रिल

एकही शेअर विकायचा नाही. मुलींच्या वसतिगृहात वॉर्डनची नोकरी मिळाली, तीन वर्षांसाठी. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. तिथे पुरुषांना राहायला मनाई आहे. सोमवारपासून रुजू.

घर भाड्याने दिलं. किल्ली सल्लागार बाईंकडे. भाडं दर महिन्याला ह्यांच्या खात्यात, औषधं आणि खर्चासाठी. हे वन्संकडे राहतील. वन्सं 'ये' म्हणाल्यात, मला नाही. कुंड्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. शिलाई मशीनही त्यांनाच. नकाशे शाळेला. चांगली दुलई ह्यांना, त्यांना थंडी सोसत नाही.

शेअर कुणालाच नाहीत.

भेटीची वेळ रविवारी चार ते पाच. फाटकावर भेटायला येणाऱ्यांची वही असते. त्यात नात्याचा रकाना आहे; तो ह्यांनी स्वतःच्या हाताने भरावा.