टायटर फक्त तीन पॉइंट दोन

७ जुलै, सोमवार
रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी च्या अँटीबॉडीचा टायटर, म्हणजे रक्तातलं प्रमाण, ३.२. पाहिजे १०. लॅबवाल्यानं घोळ घातलेला दिसतोय. सहा वर्षं मंचरला डायलिसिस टेक्निशियन आहे, असल्या लॅब लई पाहिल्यात. पुण्याच्या हॉस्पिटलला १ सप्टेंबरपर्यंत दहाच्या वरचा रिपोर्ट द्यायचा, नाहीतर जॉइनिंग नाही. पर्मनंट नोकरी, वर राहायला क्वार्टर. आठ आठवडे हातात आहेत. आरामात होईल.
आईला सांगितलं नाही. ती भांडी बांधायला पोती शोधत होती.

८ जुलै
सेंटरच्या डॉक्टर वृषाली मॅडमना रिपोर्ट दाखवला. त्यांनी विचारलं, तिन्ही डोस झालेत ना. म्हटलं, कार्ड आहे.
मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. बी सेल विषाणूला ओळखतो, पण एकटा कामाला लागत नाही. टी सेल त्याच्याजवळ येऊन इंटरल्यूकिन नावाचे रेणू सोडतो. तो निरोप मिळाला की बी सेल वाढतात, तयार होतात आणि अँटीबॉडी सोडायला लागतात. काहींच्या अंगात हा निरोप कमी पडतो.
मला लगेच समजलं. आमच्या डिंभ्याच्या एसटीसारखं आहे. ड्रायव्हरला पॅसेंजर दिसतो, पण कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे माझा ड्रायव्हर चांगला आहे, कंडक्टर झोपलाय.
मॅडम म्हणाल्या, बूस्टर आजच घे. म्हटलं, उद्या घेतो. सकाळपासून नुसता चहा झाला होता.

९ जुलै
बूस्टर घेतला नाही. विचार करूनच. कंडक्टर झोपलेला असताना आणखी पॅसेंजर भरून उपयोग काय? आधी टी सेल जागे करायचे. आजपासून सिगारेट बंद, रोज गुळवेलीचा काढा, साडेनऊला झोप.

११ जुलै
एक सिगारेट ओढली. टेन्शन आलं होतं. टेन्शन टी सेलला जास्त वाईट.

१६ जुलै
आईनं दोन्ही शेळ्या शेजारच्या चिमाबाईला देऊन टाकल्या. पुण्यात त्या बांधायच्या कुठं, म्हणाली. मी म्हटलं, घाई कशाला. तर म्हणाली, तुझं कागूद आलंय न्हवं?
कागद आलाय. त्यात कंडिशनल, म्हणजे अटीवर, असा एक शब्द आहे. तो आईला कसा सांगायचा, कळेना.

२१ जुलै
काढा बंद. कारण लिहीत नाही, दोन दिवस ड्युटी बुडाली एवढंच. मॅडम चिडल्या. काढ्यानं हिपॅटायटिसच्या अँटीबॉडी होत नसतात, लस घे, म्हणाल्या.

२९ जुलै
आज अकरा पेशंट, बावीस सुया. सावळारामबाबा म्हणाले, तुझा हात लई हलका हाय, कळत बी न्हाई. लोक उगाच म्हणतात मी सुईला भितो. भितो कसला. ती माझ्याकडे येताना मला बघवत नाही, एवढंच.

४ ऑगस्ट, सोमवार
नारायणगावच्या लॅबमध्ये परत टेस्ट केली. २.९. टायटर स्थिर आहे.
मॅडम म्हणाल्या, आज बूस्टर घेतलास तरच १ सप्टेंबरला टेस्टआधीचे चार आठवडे भरतात, आता चल. गेलो. बाही वर केली. सिस्टरनं स्पिरिटचा बोळा लावला. पुढचं आठवतं ते असं, की मी बाकावर आडवा होतो आणि सिस्टर तोंडावर पाणी मारत होती. सुई टोचलेलीच नव्हती. खोलीत पंखा बंद होता, त्यामुळे झालं असणार.

५ ऑगस्ट
कोंबड्याही गेल्या. आई आता अंगणात उभी राहून नुसतीच इकडं तिकडं बघते.

११ ऑगस्ट
वही चाळून पाहिली. तिन्ही डोस घेतले असं मी कुठंही लिहिलेलं नाही. कार्ड आहे, असं लिहिलंय.
ही वही कोण वाचतंय, म्हणून लिहून टाकतो. कोर्सला असताना पहिल्या डोसला मला चक्कर आली. पुढच्या दोन्ही वेळी सिस्टरनं अमृत म्हणून मला हाक मारली, तेव्हा माझ्याऐवजी वर्गातला गोकुळ उठला. आहुपेचा गडी, डोळ्याची पापणी हलवली नाही. लेक्चरला आम्ही एकमेकांची प्रॉक्सी मारायचोच. स्वतःचे तीन आणि माझे दोन, असे पाच डोस त्यानं घेतले.

१८ ऑगस्ट
गोकुळला घोडेगावला गाठलं. म्हटलं, माझ्या नावानं टेस्टला तेवढं रक्त दे. तो म्हणाला, तुज्यासाठी सुया खाल्ल्या त्या खाल्ल्या, रक्त न्हाई देणार. उद्या पेशंटची सुई चुकून तुला लागली, तर कावीळ व्हताना कोण प्रॉक्सी मारंल?
शेवटी त्यानं नोकरीच्या जाहिरातीची लिंक मागितली. सहज. पाठवली.

२२ ऑगस्ट
मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या टी सेलना काय दोष देतोस, तू त्यांच्यासमोर लस येऊच दिली नाहीस तर ते निरोप कशाचा देणार? आता तीन डोस, सहा महिने, आणि त्यानंतर टेस्ट.
स्टँडच्या मागं जाऊन रडलो. सहा वर्षं मी नशिबावर त्या मशिनींपाशी उभा होतो. मला माझीच लाज वाटली.

२५ ऑगस्ट, सोमवार
जमत नाही असं पुण्याला कळवलं, मग आईला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, मग आता तरी सुई घेतली का? म्हटलं, नाही. म्हणाली, सकाळच्या गाडीनं मी येते.

२६ ऑगस्ट
पहिला डोस घेतला. आईनं सगळ्या पेशंटांसमोर माझं तोंड पदरात धरलं. सावळारामबाबांच्या हातात तेव्हा मीच लावलेल्या दोन सुया होत्या. ते म्हणाले, आरं मुंगी चावल्यावानी व्हतं.
चक्कर आली नाही. फार आली नाही.

१ सप्टेंबर, सोमवार
चिमाबाईनं एक शेळी परत दिली. दुसरी गाभण आहे, ती द्यायला मागत नाही. आई भांडायला गेलीय.
दुपारी पुण्याहून गोकुळचा फोन आला. माझ्या जागेवर आज जॉइन झाला. टायटर हजाराच्या वर. मेडिकल घेणारे डॉक्टर म्हणे रिपोर्ट बघून खूश झाले.
त्यातले दोन डोस माझे आहेत.